वेंबूच्या पाकळ्या

गॅलरीतल्या चपला पायात घालण्याआधी झटकाव्या लागल्या, की समजायचं परीक्षा आल्या. आमच्या मैलापूरच्या इमारतीसमोर एक जुना कडुलिंब आहे. तो दरवर्षी याच दिवसांत फुलतो आणि त्याची तांदळाच्या कणीएवढी पांढुरकी फुलं वाऱ्यावर दुसऱ्या मजल्यापर्यंत येतात. चपलांत, वाळत घातलेल्या टॉवेलवर, स्कूटरच्या सीटवर, एखादं चहाच्या कपातसुद्धा. वास गोडसर असतो. इतक्या कडू झाडाला इतका गोड वास कसा, हे मला बावीस वर्षं चेन्नईत राहूनही उमगलेलं नाही. खाली रस्त्यावर पारदर्शक पाऊचमध्ये पेनं आणि हॉल तिकीट घेतलेली मुलं चाललेली असतात आणि त्यांच्या मागोमाग त्यांच्याहून जास्त घाबरलेले आईबाप. कोपऱ्यावर ताडगोळेवाला बसलेला असतो. सकाळी आठालाच मानेवरून घाम ओघळायला लागतो.

हा मोसम मला आवडायचा. दुसऱ्यांची परीक्षा बघण्यात एक निवांत सुख असतं, ते मी पुष्कळ वर्षं उपभोगलं. पण गेली दोन वर्षं ही फुलं दिसली की मला लाज वाटते. उगाच अलंकारिक नव्हे, खरीखुरी लाज. कानाच्या पाळ्या गरम होतात आणि मी चपला जरा जास्तच जोरात आपटतो.

दोन वर्षांपूर्वी माझी मुलगी सई बारावीला होती. मी केंद्र सरकारच्या एका कार्यालयात आस्थापना विभागात काम करतो. म्हणजे कोण उशिरा आलं, कोण न सांगता गैरहजर राहिलं, कुणाकडून खुलासा मागवायचा, हे माझं काम. खुलासा वाचला की तो खरा की बनवलेला, हे मला दुसऱ्या ओळीत कळतं, अशी माझी ऑफिसात ख्याती आहे. ती ऐकून मी नम्रपणे मान खाली घालतो आणि मनातून फुगतो.

सईला एका खेळाचा नाद होता. टॅबलेटवरचा खेळ. एक भलंमोठं काल्पनिक जग, त्यात ड्रॅगन, बुटके लोहार, लांब कानांच्या तिरंदाज बाया, काठीतून आग काढणारे जादूगार. जगभरची माणसं त्यात आपापल्या घरून शिरतात आणि चौघाचौघांच्या टोळ्या करून राक्षसांशी लढतात. आत शिरताना आपण कोण व्हायचं ते निवडायचं. योद्धा, चोर, वैद्य, जादूगार. त्याला ही मुलं क्लास म्हणतात. सईनं निवडला होता सामुराई.

मला पहिल्यांदा हसू आलं होतं. "अगं, या परीकथेत हा जपानी माणूस कुठून आला?"

"चुम्मा आला, बाबा," ती म्हणाली. तमिळमध्ये चुम्मा म्हणजे उगीच, सहज. आमच्या घरात हा शब्द मिठासारखा वापरला जातो. "तो असतोच. प्रत्येक असल्या गेममध्ये असतो. कोणी नाही विचारत का म्हणून."

नंतर या उत्तराचा मी बराच विचार केला. बुटक्यांची खाण आहे, जादूगारांचा मनोरा आहे, तिरंदाजांचं जंगल आहे. सामुराईचं मात्र त्या नकाशावर गाव नाही. तो आपली लांब तलवार आणि शिंगांचं शिरस्त्राण घेऊन मध्येच उभा असतो, भाषा वेगळी, रीत वेगळी, आणि तरी सगळ्यांना टोळीत तो हवा असतो. साताऱ्याकडून बदली होऊन मैलापुरात येऊन पडलेल्या माणसाला अशा प्राण्याबद्दल आपुलकी वाटणं साहजिक होतं. पण ते मी तिला सांगितलं नाही. तिला सांगितलं, अभ्यास कर.

तिनं सामुराईचे नियम मला एकदा इडली खाता खाता समजावले होते. योद्ध्याकडे ढाल असते, याच्याकडे नसते. चोर मागून वार करतो आणि त्याचं त्याला बक्षीस मिळतं, यानं केला तर याचा मान घटतो. मान म्हणजे त्याची खरी शक्ती. समोर उभं राहून वार झेलला की मान वाढतो, टोळी सोडून पळालं की घटतो. मान संपला तर तलवार मोडते आणि तो सामुराईच राहत नाही, बिनधन्याचा भटक्या होतो. मग परत फिरता येत नाही. मारला गेला तर उलट काही बिघडत नाही, दुसऱ्या दिवशी पुन्हा उभा.

"म्हणजे मेला तर चालतं आणि पळाला तर नाही?"

"हां ना! तेच तर मस्त आहे!" तिचे डोळे चमकत होते.

खरे सामुराई असे होते का, देव जाणे. इतिहासातल्या कुठल्याच माणसांनी मागून वार केला नसेल यावर माझा विश्वास नाही, मी आस्थापना विभागात आहे. पण खेळातला सामुराई तसा होता. कुणीतरी कुठंतरी संगणकासमोर बसून ठरवलं होतं की या एका पात्राला तरी पळवाट ठेवायची नाही, आणि माझ्या मुलीनं पंधराव्या वर्षी नेमकं तेच निवडलं होतं. तिची सामुराई बाई होती, तिचं नाव वेंबू. वेंबू म्हणजे कडुलिंब. खिडकीतून दिसणाऱ्या झाडावरून ठेवलेलं. अडीच वर्षं खपून तिनं वेंबूला मोठं केलं होतं, हिरवट चिलखत मिळवलं होतं, आणि त्या टोळीत वेंबूच्या मागे कायम एक वैद्य असायची. ती नीला.

नीला आमच्या पलीकडच्या गल्लीतली. सईहून एक वर्षानं मोठी, तेव्हा कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होती. सातवीपासून दोघी एकत्र. आमच्याकडे येऊन थालीपीठ खायची आणि त्याला मराठी अडै म्हणायची. अडै म्हणजे इकडचा मिश्र डाळींचा जाड डोसा. माझ्या बायकोनं, मेधानं, कितीदा सांगितलं की अडै वेगळं, थालीपीठ वेगळं. ती म्हणायची, "ओके आंटी, अजून एक मराठी अडै." खेळातही ती तशीच. लढायची नाही, मागे उभी राहून बाकीच्यांच्या जखमा भरून काढायची. टोळीतले उरलेले दोघं कोण होते, मला कधी कळलं नाही.

मार्च लागला तसं सईनं आपण होऊन टॅबलेट माझ्या हातात आणून दिला. कुठल्या बापाला असा दिवस बघायला मिळतो?

"बाबा, महिनाभर तुमच्याकडे. पण एक काम करायचं. रोज एकदा वेंबूला देवळापर्यंत न्यायचं, नमस्कार करायचा, बंद करायचं. नाही केलं तर मान उतरतो. दोन मिनिटं. दॅट्स ऑल."

"आणि मी विसरलो तर?"

"तुम्ही नाही विसरणार. तुम्ही तर लोकांना मेमो देता विसरलं तर."

पासवर्ड तिनं माझ्या डायरीत स्वतः लिहून दिला. तो नीलालाही ठाऊक होता, त्यांच्यात तसं सगळं सामायिकच असे.

मग रोज संध्याकाळी साडेपाचला ऑफिसातून आल्यावर मेधाच्या हातचा चहा, शेजारच्या खोलीतून सईचं रसायनशास्त्राचं पुटपुटणं, आणि मांडीवर टॅबलेट. वेंबू उठायची. ओढ्यावरच्या लाकडी पुलावरून, दिव्यांच्या खांबांमधून देवळापर्यंत चालत जायची. गुडघ्यावर बसायची, तलवार समोर आडवी ठेवायची, वाकायची. मागे कुठं तरी घंटा वाजायची. पहिले दोन दिवस मी हे टपाल टाकल्यासारखं उरकलं. तिसऱ्या दिवशी पुलावर जरा थांबून खालचं पाणी पाहिलं. आठवड्याभरात माझी अवस्था अशी झाली की दुपारी तीनलाच घड्याळाकडे लक्ष जाऊ लागलं. ज्या खेळाला मी दोन वर्षं "थेरं" म्हणत होतो, त्यातल्या पुलावरून चालताना माझ्या खांद्यावरचं ऑफिस उतरायचं. हे मी कुणाला सांगितलं नाही. लाजेची सुरुवात खरं तर तिथूनच झाली असावी, पण ती लाज गोड होती.

भौतिकशास्त्राचा पेपर झाला आणि रसायनशास्त्राला चार दिवसांची सुट्टी होती, त्यातल्या एका संध्याकाळी देवळासमोर असतानाच पडद्यावर एक चिठ्ठी उघडली. नीलाची टोळी लढाईला निघाली होती, एक माणूस कमी होता. सई आल्याचं तिला दिसलं होतं. इंग्रजी अक्षरांतलं तमिळ मला वाचता येतं. तिनं विचारलं होतं, "सई? परीक्षा चालू आहे ना? येतेस?"

मी "नाही" लिहायला हवं होतं, किंवा "मी सईचा बाबा" लिहायला हवं होतं. मी लिहिलं, "पाच मिनिटं."

हे दोन शब्द मी माझ्या मुलीच्या नावानं लिहिले. ऑफिसात कुणी दुसऱ्याच्या नावानं हजेरीची सही केली तर मी त्याला काय करतो, ते तिथल्या शिपायालाही ठाऊक आहे.

आता मागची एक गोष्ट सांगायला हवी, नाहीतर पुढं मी जे केलं ते नुसतं अडाणीपणाचं वाटेल. चेन्नईत दिवाळीला पाऊस असतो. तरी मी सईसाठी दरवर्षी गॅलरीत मातीचा किल्ला करायचो. तो दुसऱ्या दिवशी ढासळायचा, मावळे चिखलात आडवे व्हायचे, आणि ते उचलून पुसता पुसता मी तिला गोष्टी सांगायचो. मूठभर माणसं, समोर अफाट फौज. समोरासमोर लढणं हा मोठ्या फौजेचा शौक, आपला नव्हे. दबा धरायचा, खिंडीत गाठायचं, पाठीवर घाव घालायचा आणि डोंगरात नाहीसं व्हायचं. आठ वर्षांच्या सईनं विचारलं होतं, "म्हणजे बाबा, आपण चीटिंग केली?" मी भडकलो होतो. त्याला गनिमी कावा म्हणतात, चीटिंग नाही, असं तिला चांगलं अर्धा तास ऐकवलं होतं.

तर त्या संध्याकाळी आमची टोळी एका घळीत शिरली. समोर तीन डोक्यांचं एक जनावर आलं. टोळीतले दोघं बघता बघता आडवे झाले. राहिलो मी आणि माझ्या मागे नीला. मला बोटांचं काही जमत नव्हतं, पण घळ पाहून माझ्या अंगात आलं. ही तर खिंड! साताऱ्याच्या माणसाला खिंड शिकवायची नसते. मी वेंबूला बाजूच्या कड्यावरून वळसा घालून जनावराच्या मागे नेलं आणि पाठीवर सपासप वार सुरू केले. जनावर वळलं की पुढं पळायचं, लपायचं, पुन्हा मागून. आणि काय सांगू, ते इतकं सुंदर दिसत होतं! प्रत्येक वारासरशी पडद्याच्या कोपऱ्यातून गुलाबी पाकळ्या गळत होत्या. मला वाटलं हे माझं कौतुक चाललंय. चहा गार झाला होता आणि मी ओठ चावून, पन्नाशीचा माणूस, खुर्चीच्या कडेवर बसलो होतो.

खाली नीलाची वाक्यं येत होती. "काय करतेस?" "मागून नको." "समोर ये, मी आहे, मी जखम भरते." मग नुसतं, "सई." मला ती वाचायला उसंत नव्हती. शेवटी जनावरानं मला कोपऱ्यात गाठलं तेव्हा मी शिकल्याप्रमाणे केलं. खिंडीतून निसटलो. नीला खिंडीच्या तोंडाशी उभी राहिली होती, तिच्या हातात काठीशिवाय काही नव्हतं. ती तिथंच पडली. मी पळत पुलापर्यंत आलो, आणि तिथं शेवटची पाकळी गळाली.

त्या पाकळ्या म्हणजे मान होता. वेंबूची तलवार मधोमध मोडली, हिरवट चिलखत आपोआप उतरलं, आणि एका पांढऱ्या पडद्यावर इंग्रजीत आलं की आता या पात्राचा कुणी धनी नाही.

नीलाचं एक वाक्य आलं. "का?"

मी टॅबलेटचं झाकण मिटलं, तो वर्तमानपत्रांच्या गठ्ठ्याखाली ठेवला आणि मेधाला म्हणालो, दूध आणतो. दूध घरात होतं.

इथपर्यंतचं सगळं मला क्षम्य वाटतं. खेळात हरलो, तिनं सांगितलेले नियम खिंड पाहून विसरलो, म्हातारपणी पोरखेळ केला. त्या रात्री जेवताना सांगून टाकलं असतं तर सई रडली असती, दोन दिवस माझ्याशी बोलली नसती, आणि पुढं जन्मभर ती गोष्ट आम्ही हसून सांगितली असती. मी सांगितलं नाही. परीक्षेच्या मध्ये कशाला, असं म्हणून मी माझ्या भित्रेपणाला तिच्या काळजीचा सदरा घातला.

रसायनशास्त्राचा पेपर चांगला गेला. त्या खुशीत तिनं टॅबलेट मागितला, एक मिनिट फक्त वेंबूला बघते म्हणाली. मी नाही म्हणू शकलो असतो. पण बापाकडून नकार ऐकण्याची तिला सवय नव्हती आणि मी गठ्ठ्याखालून टॅबलेट काढून दिला. ती पडद्याकडे किती तरी वेळ बघत राहिली. चेहरा पेपर कोरा गेल्यासारखा झाला होता.

"बाबा, तुम्ही काही केलं?"

"मी? मी रोज नमस्कार केला फक्त."

हे खोटं होतं. पण साधं खोटं होतं, घाबरलेल्या माणसाचं. त्याच्या पुढचं मला झोपू देत नाही.

ती हळूच म्हणाली, "मग पासवर्ड तर नीलाकडेच आहे."

आणि मी म्हणालो, "असेल."

असेल. एवढंच. हा शब्द मी नोकरीत हजार वेळा वापरला असेन. कुणावर थेट आरोप करायचा नाही, पण फाइल त्याच्या टेबलावर सरकवून द्यायची, त्यासाठी याच्यासारखा शब्द नाही. तो बोलल्यावर हात स्वच्छ राहतात. मी वर जोडलं, "आता परीक्षेत डोकं घाल."

तिनं नीलाला काय लिहिलं, मी विचारलं नाही. नीलाचं उत्तर मात्र तिनं आईला वाचून दाखवलं, मी दाराआड ऐकत होतो. एकच शब्द होता. सॉरी. सई म्हणाली, "बघ, म्हणजे तिनेच केलं." मी दाराआडून सरकलो आणि गॅलरीत जाऊन चपला झटकू लागलो.

गणिताच्या पेपराआधी मेधानं मला सईची पेनं आणि हॉल तिकीट घेऊन देवळात पाठवलं. इथं तशी रीत आहे, पेनं देवाच्या पायाशी ठेवून आणायची. रांगेत माझ्यासारखे बाप उभे होते, हातात निळ्या पेनांचे जुडगे. गुरुजींनी मुलीचं नाव, नक्षत्र विचारलं. मी सांगितलं. पेनांना कुंकू लागलं. बाकीच्यांनी डोळे मिटून काय मागितलं ते चेहऱ्यावरच दिसत होतं. मी मागितलं की माझं खोटं परीक्षा संपेपर्यंत टिकू दे. देवाकडे खोट्याला मुदतवाढ मागणारा त्या रांगेत मी एकटाच असेन.

मुदतवाढ मिळाली. परीक्षा संपली, निकाल चांगला लागला, सई कोइमतूरला इंजिनिअरिंगला गेली. नीला आमच्याकडे यायची थांबली. मेधानं दोन-तीनदा विचारलं, "अहो, ती नीला हल्ली येत नाही, भांडल्या का काय?" मी म्हणालो, मुली मोठ्या झाल्या. हा माझा दुसरा 'असेल'.

पहिल्या सुट्टीत सई आली तेव्हा हॉस्टेलवरच्या मैत्रिणींबरोबर पुन्हा तो खेळ खेळताना दिसली. मी उसन्या उत्साहानं विचारलं, "काय, पुन्हा सामुराई का?"

"नाही. चोर घेतला." पडद्यावरची नजर न काढता ती म्हणाली. "चोर बरा, बाबा. सामुराईला मागे कोणीतरी लागतं ना, विश्वासाचं. चोराला नाही लागत कोण."

मी मान हलवली आणि पेपर उघडला. त्यातली एकही ओळ मला आठवत नाही.

असे दोन मोसम गेले. परवा सकाळी, चपला झटकून निघालो, तर बसथांब्यावर नीला उभी होती. गळ्यात कंपनीचं ओळखपत्र. शेवटच्या वर्षाला आहे, सिरुसेरीला प्रशिक्षणाला जाते, कंपनीची बस इथून घेते. मी दुसरीकडे बघावं असा विचार केला, पण तिनंच हाक मारली.

"अंकल! नल्ला इरुक्कींगळा? आंटी कशा आहेत?"

बरे आहोत म्हणालो. तिच्या केसांत एक कडुलिंबाचं फूल अडकलं होतं. ते बघून माझ्या तोंडून निघून गेलं, "नीला, त्या दिवशी... खेळात... ती सई नव्हती."

"तेरियुम, अंकल," ती म्हणाली. ठाऊक आहे. इतक्या सहज म्हणाली, जणू मी तिला बसचा नंबर सांगितला.

"कधी कळलं?"

"तेव्हाच. तुम्ही पळाला ना, तेव्हा." ती तमिळमध्ये बोलत होती, हळूहळू, मला समजावं म्हणून. "सई पळाली नसती, अंकल. ती मला टाकून नसती गेली. मग टॅबलेट कोणाच्या हातात होता, ते कळायला काय लागतं?"

"मग तिनं विचारलं तेव्हा तू सॉरी का लिहिलंस?"

तिनं ओळखपत्राची दोरी बोटाला गुंडाळली. "तिचे पेपर राहिले होते ना. मी खरं सांगितलं असतं तर तिचं तुमच्याशी भांडण झालं असतं. तुमच्याच घरात बसून तिला अभ्यास करायचा होता. माझ्याशी भांडली तर काय, मी पलीकडच्या गल्लीत."

"आणि परीक्षेनंतर?"

"नंतर मला वाटलं, तुम्ही सांगाल." ती जरा हसली. "मी वाट बघितली, अंकल."

बस आली. चढताना तिनं मागे वळून "परवायिल्लै, अंकल" म्हटलं, असू दे म्हणाली. तिच्या आवाजात राग असता तर मला बरं वाटलं असतं.

मी त्या दिवशी ऑफिसात उशिरा पोचलो. दिवसभर एक गोष्ट डोक्यातून जाईना. खिंडीच्या मी मुलीला इतक्या गोष्टी सांगितल्या, पण दर वेळी निसटणाऱ्यांच्या. त्यांना निसटता यावं म्हणून खिंडीच्या तोंडाशी कुणी तरी उभं राहिलेलं असतं. ती माणसंही माझ्याच गोष्टीत होती. मी त्यांच्यावरून घाईघाईनं पुढं जायचो, कारण त्या ठिकाणी सई रडायला लागायची. काठीशिवाय हातात काही नसताना नीला तिथं उभी राहिली, पडद्यावर एकदा आणि पडद्याबाहेर दोन वर्षं. ढाल नसलेली, समोरून वार झेलणारी, मागे न हटणारी. आणि खेळाच्या हिशेबानं ती सामुराई नव्हतीच, साधी वैद्य होती.

काल धीर करून तिला फोन केला. म्हटलं, पाडव्याला सई येतेय, तूही ये, थालीपीठ करतो.

तिनं विचारलं, "सईला सांगितलं?"

"अजून नाही."

"मग सांगून झालं की बोलवा," ती म्हणाली. मुलगी वीस-एकवीस वर्षांची आहे. पण मला खुलासा मागवणारा आवाज ओळखता येतो.

हे सगळं लिहायला बसलो तेव्हा मला वाटलं होतं, मी कबुलीच देतोय. रात्री वाचून पाहिलं, बरं उतरलंय असंही वाटलं. आणि मग लक्षात आलं की मी हे मराठीत लिहिलंय. सई मराठी बोलते, तमिळ हेल काढून का होईना, गोड बोलते. पण वाचत नाही. देवनागरी तिला शाळेतल्या हिंदीपुरती आली आणि आठवीनंतर तीही सुटली. म्हणजे हे साताऱ्याचे माझे मित्र वाचतील, एखादा कळवेल की मनाला भिडलं, आणि जिच्याशी खोटं बोललो ती मात्र या पानांवरून नजर फिरवून विचारेल, "बाबा, काय लिहिलंय?" पुन्हा वळसाच घातला मी. पुन्हा मागून.

पाडवा उद्या आहे. ती पहाटेच्या गाडीनं येईल. मेधा कडुलिंबाचा पाला आणायला सांगून झोपली आहे, खाली झाड फुलांनी पांढरं झालं आहे. मी ठरवलंय, गुढी उभारण्याआधी सईला समोर बसवून हे वाचून दाखवायचं. सगळं नाही. चपला, फुलं, पूल, ते पाणी, हे गाळायचं. त्यात लपायला फार जागा आहे. सुरुवात तिच्या प्रश्नापासून करायची. "बाबा, तुम्ही काही केलं?" आणि तिथं थांबून, तिच्याकडे बघून, हो म्हणायचं.